बारा लिटरांचा रविवार

पहाटे 4.30
साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढला की कास पठाराकडे जाणारा रस्ता लागतो. त्याच रस्त्याला वहिनींचं घर आहे. घराची पडवी हेच दुकान. तीन बाकडी, दोन प्लास्टिकची टेबलं, भिंतीला ठोकलेली एक फळी. पाटी नाही. पत्र्याच्या कडेला किटली टांगलेली असली की दुकान उघडं.

आज आश्विनातली पाचवी माळ. वहिनी उठल्या त्या आधी देव्हाऱ्याकडे गेल्या. घटापुढचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नसतो. वात पुढे सारली, तेल घातलं. घटातलं धान्य बोटभर उगवलंय. कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ कालच ओवून ताटलीत झाकून ठेवलीय. मग चूल. लाकडं माळ्यावरून काढायची. वैशाखात भरून ठेवलेली, तरी चार महिन्यांच्या पावसात ओल धरतेच. पहिली दोन लाकडं नुसती धुमसतात. वहिनी फुंकणीने फुंकतात, डोळे पुसतात, परत फुंकतात.

वहिनींना नऊ दिवसांचा उपवास आहे. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी वरी, रात्री दोन केळी. दिवसभर दुसऱ्यांसाठी भजी तळायची ती अशा पोटाने.

5.15
दूधवाला येतो. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन. धुक्यात आधी आवाज येतो, मग दिवा दिसतो. बारा लिटर म्हशीचं, 62 रुपयांनी. एरवीच्या वारी चार लिटर. पाऊस ऐन भरात असताना तर दोन लिटरसुद्धा संपत नव्हतं. वहिनी माप स्वतः घेतात. बोट बुडवून थेंब नखावर घेतात, घरंगळतो का बघतात. दूधवाला रोज बघू देतो. त्यात कोणाला राग यायचं कारण नाही.

"उद्याचं किती?" तो विचारतो.
"सांजंला सांगते. आज गाड्या किती येत्यात बघू दे."

हिशोब रोखीने. 744 रुपये. दूधवाला फोनवरचे पैसे घेत नाही. त्याला पेंडीच्या दुकानात रोख मोजावी लागते.

6.00
पहिलं आधण. इथे जरा थांबून बघावं असं आहे.

जर्मनचं मोठं पातेलं, आतून काळं पडलेलं. आधी पाणी. पाण्यातच साखर. मग खलबत्त्यात ठेचलेलं आलं. आलं साताऱ्याच्या मंडईतलं, जिल्ह्यातच पिकलेलं. वहिनी जुनं आलं मागून घेतात. जुनं आलं सुरकुतलेलं, रेषाळ आणि तिखट असतं. आता काही दिवसांत नवं यायला लागेल. ते टवटवीत दिसतं, पण पाणीदार. तेवढ्याच तिखटपणाला दीडपट लागतं. पाऊस संपला की गिऱ्हाईक "आलं कमी झालं का?" म्हणतं, त्याचं कारण हे.

पाणी खळखळ उकळलं तरी वहिनी पावडर टाकत नाहीत. वास बदलायची वाट बघतात. कच्च्या आल्याचा वास जाऊन शिजलेल्याचा आला की मग पावडर. दोन भाग दाणेदार, एक भाग डस्ट. दाणेदारने चव येते, डस्टने रंग. समुद्रसपाटीपासून 1,200 मीटरवर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, खालच्यापेक्षा चारेक अंश कमी. अंशांचं वहिनींना कोणी सांगितलेलं नाही. "माहेरी खाली कोरेगावला दोन उकळ्यांत व्हायचा, हितं तीन लागत्यात," एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे.

दूध दुसऱ्या चुलीवर तापलेलं असतं. गार दूध त्या कधीच ओतत नाहीत. ओतल्यावर चहा वर येतो, पातेलं उचलतात, खाली बसतो, परत ठेवतात. असं तीनदा. मग फडक्याने गाळायचा. गाळणीतून डस्ट खाली उतरते, म्हणून फडकं. मलमलीचं, रोज रात्री उकळून वाळत घातलेलं. चहाने भरलेलं फडकं दोन्ही हातांनी पिळायचं. वहिनींच्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची तांबूस झाली आहेत.

एक लिटर दुधात साधारण पंधरा-सोळा ग्लास. ग्लास काचेचे. कागदी कप स्वस्त पडला असता, धुवायचं कामही वाचलं असतं. पण मग कचरा कोण उचलणार? ओढ्यात जाणार. ते पाणी पुढे लोकच पितात. वहिनी काचेवर ठाम आहेत आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

6.20
पहिली गिऱ्हाइकं गावातली. पठारावर राखणीला जाणारे चौघे. कास पठार युनेस्कोच्या जागतिक वारशात 2012 साली आलं, पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर. फुलांच्या दिवसांत तिकीट, पार्किंग, राखण हे सगळं आसपासच्या गावांच्या वन समित्या बघतात. शिट्टी गळ्यात, काठी हातात. फुलांत पाय घालणाऱ्याला शिट्टी मारून बाहेर काढायचं हे काम. फूल संपलं की कामही संपलं.

"सोनकी हाय अजून," एक जण सांगतो. "तेरडा गेला. सीतेची आसवं कुठंतरी वल्या जागंला."

कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर. पाणी साचलेलं असतं तोवर गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू तग धरतात. कातळ वाळला की आठ-दहा दिवसांत रंग उतरतो. हस्ताचा पाऊस यंदा रेंगाळलेला नाही. "हत्ती सोंड हलवीना," म्हातारा गुराखी म्हणतो आणि ग्लास उपडा ठेवतो.

या लोकांना चहा दहा रुपयांना. पाहुण्यांना पंधरा. मी विचारलं तर वहिनी लाजल्या नाहीत. "ही मान्सं जेष्ठातबी येत्यात, आन् माघातबी." मला हे बरोबर वाटतं. चौघांचे चाळीस वहीत मांडले गेले. निळी वही, दोरीने खिळ्याला बांधलेली.

7.30
एसटी थांबते. मदतीला येणारी मावशी उतरते. 2023 पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट, म्हणून येणं परवडतं. नाहीतर 350 रुपये रोजातले बरेच तिकिटात जायचे. कंडक्टरने साताऱ्याहून एक पुडकंही आणलंय: पावडर आणि पाच किलो साबुदाणा. हमाली म्हणून एक चहा. ड्रायव्हरलाही एक. हे दोन चहा कुठल्याही वहीत येत नाहीत.

मावशी पदर खोचते आणि धुण्याकडे बसते. तीन घमेली. पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात कढत. ग्लास चाळीस. गर्दीला एकेक ग्लास दिवसातून चार-पाच वेळा हातातून जातो.

8.15
दादांचं काम सुरू होतं. दादा म्हणजे वहिनींचे मालक. या डोंगराळ भागातून मुंबईला माथाडीकामाला गेलेल्यांची घरं गावोगाव आहेत. दादा वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याची पोती वाहायचे. पाठीचा मणका दुखावला, तेव्हा परत आले. आता वाकता येत नाही, वजन उचलता येत नाही. बसून कांदा चिरतात. सहा किलो कांदा, उभा, पातळ. कांदा हातात घेऊन ते तो कुठला, जुना की नवा, किती दिवस टिकेल ते सांगतात. "हा चाळीतला. उन्हाळी. आतनं कोंब धरलाय, पर चालंल." पंधरा मिनिटांत दोन किलो होतो. डोळ्यांतून पाणी येत नाही. ते दिवस गेले, म्हणतात.

9.00
पडवीच्या पश्चिम बाजूला ज्येष्ठात बांधलेली निळी ताडपत्री आज सोडायची ठरलंय. शेजारचा पोरगा शिडीवर चढतो. सुतळी ओल्याने फुगलेली, गाठी सुटत नाहीत, विळ्याने कापाव्या लागतात. ताडपत्री खाली आली तसा पडवीत एकदम उजेड झाला. चार महिने आतला बल्ब दिवसा जळत होता. वहिनींनी तो बंद केला. भिंतीवर हिरवं शेवाळ, बाकड्याच्या पायाला बुरशी, सगळं दिसायला लागलं. वहिनी ओलं फडकं घेऊन पुसायला लागल्या. तेवढ्यात पहिली गाडी.

9.40 ते 12.30
आता बोलायला कोणाला वेळ नाही.

पुण्याच्या गाड्या, कोल्हापूरच्या, साताऱ्यातल्या दुचाक्या. एका मिनीबसमधून अठ्ठावीस माणसं. "काकू, अठ्ठावीस चहा. त्यात सहा बिनसाखरेचे." पातेल्यात साखर आधीच पडलेली. सहा जणांसाठी वेगळं आधण. शिवाय तिघांना उपवास आहे, त्यांना खिचडी हवी. भज्यांच्या तेलाचा झारा खिचडीला लागता कामा नये, म्हणून खिचडीची कढई, उलथणं, ताटल्या सगळं वेगळं, आतल्या चुलीवर. वहिनी आत-बाहेर करतात. उंबरा ओलांडताना दर वेळी पाय उचलावा लागतो. हा उंबरा चांगला वीतभर उंच आहे.

भजी बाहेर गॅसवर. व्यावसायिक सिलिंडर, निळा, 19 किलोचा. घरगुती लाल सिलिंडर दुकानाला वापरायचा नसतो आणि वहिनी वापरत नाहीत. डाळीच्या पिठात पाणी घालत नाहीत. कांद्याला मीठ चोळून ठेवतात, त्याला सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच पीठ. ओवा हातावर चोळून. पहिला घाणा खाली बसून वर आला की तेल झालं. प्लेट चाळीस रुपये, सोबत तळलेली मिरची.

एका ताईंना गुळाचा चहा हवा. वहिनी करतात, पण तो शेवटी. चहा गाळून घ्यायचा, त्यात गूळ विरघळवायचा, पातेलं आचेवरून खाली उतरवायचं आणि मगच तापलेलं दूध. गुळात थोडा आंबटपणा असतो. आचेवर ठेवलं तर दूध फाटतं. मावशी मदतीला म्हणून पातेलं परत चुलीवर ठेवायला गेली. वहिनी तिकडून ओरडल्या, "खाली! खाली ठिव!" लिटरभर दूध वाचलं.

पैशांचं काम दादांकडे. क्यूआर कोडचा पुठ्ठा एका काठीला बांधलाय, कारण रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात येते. गिऱ्हाइकाने त्या कोपऱ्यात उभं राहायचं, हात वर करायचा. पैसे आले की छोटा डबा मराठीत बोलतो. त्या डब्याचं महिन्याचं भाडं जातं. डबा बोलला नाही तर दादा म्हणतात, "जावा तुम्ही, येतील मागनं." बहुतेक येतात.

एक जण म्हणाला, "पंधरा रुपये? साताऱ्यात दहाला मिळतो." वहिनींनी उत्तर दिलं नाही. मला द्यावंसं वाटलं. साताऱ्यातून पावडर, साखर, गॅस, तेल हे सगळं घाट चढून वर येतं. पाणी झऱ्यावरून हंड्याने येतं. कासच्या तलावाचं पाणी साताऱ्याच्या नळाला जातं, आणि इथे मात्र हंडा डोक्यावर. वहिनींनी आज पहाटेपासून सात खेपा केल्या आहेत.

या दोन-तीन तासांत दोन ग्लास फुटले.

1.15
धुकं कधीच गेलं. ऊन चटका देतंय. तीच माणसं पठारावरून परत येताना चहा नको म्हणतात. गार काय आहे, विचारतात. गार माठातलं पाणी आहे, फुकट. एका कुटुंबाने पाणी पिऊन बाटल्या भरून घेतल्या. दादांनी काही म्हटलं नाही. मावशी मात्र रिकाम्या माठाकडे आणि मग हंड्याकडे बघत राहिली. हंडा घेऊन तिलाच जायचं होतं.

हे दिवस असेच. पहाटे शाल, दुपारी घाम, सांजेला परत गारठा. एकाच दिवसात तिन्ही ऋतूंचं गिऱ्हाईक सांभाळायचं. सकाळी चहा, भरदुपारी पाणी, संध्याकाळी परत चहा. दुपारी दूध परत तापवून ठेवावं लागतं. थंडीत राहतं, पावसात राहतं, या उन्हात नासतं.

2.30
जेवण. मावशी आणि दादा नाचणीची भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा. वहिनी वरीचा भात आणि दाण्याची आमटी. ताटाशी बसून जेमतेम दहा मिनिटं झाली.

मावशीने तेव्हाच सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून ती येणार नाही. भावाकडे मेढ्याला जाणार. तिथून महाबळेश्वरच्या बाजूला स्ट्रॉबेरीची लावण चालू आहे, जीप बायकांना न्यायला येते. रोज चारशे, जीप फुकट. पंधरा दिवस तरी काम आहे.

"जा की," वहिनी म्हणाल्या. "हितं तरी काय ऱ्हाणारंय."

त्यात राग नव्हता. पन्नास रुपयांचा फरक आहे, पंधरा दिवसांचे साडेसातशे होतात. मावशीच्या जागी वहिनी असत्या तर त्याही गेल्या असत्या.

3.30
रिकामा तास. वहिनी परसात जातात. तिथे गवती चहाचं बेट आहे. पावसात पानं रुंद आणि पांचट होतात. ऊन लागलं की वास धरतात. दोन जुड्या कापून सावलीत पसरल्या. थंडीत हाच चहा जास्त खपतो.

खालच्या खाचरात भात पिवळं पडायला लागलंय. नाचणी कणसावर आहे. रात्री गवे येतात. गेल्या आठवड्यात बांधाकडच्या दोन ओळी तुडवल्या. दादा रात्री पत्रा वाजवायला जातात. दिवसभर चहाच्या दुकानात बसणारा माणूस रात्री अकराला शेतात पत्रा वाजवत असतो, हे पाहुण्यांना कसं कळावं?

4.45
परतीच्या गाड्या. सकाळइतकी गर्दी नाही, पण माणसं दमलेली, गारठलेली. दोन-दोन चहा होतात. एका आजोबांनी ग्लास दोन्ही तळव्यांत धरला, बराच वेळ प्यायलेच नाहीत. मग म्हणाले, "फुलं फार नव्हती, पण चहा चांगलाय." वहिनींनी त्यांना अर्धा ग्लास आणखी दिला. पैसे लावले नाहीत.

राखणीचे चौघे उतरले. आज गेल्या रविवारच्या निम्म्यासुद्धा गाड्या नव्हत्या, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या रविवारी चौघांऐवजी दोघेच लागतील म्हणे.

6.30
मावशी शेवटच्या एसटीने गेली. 350 रुपये आणि कागदात बांधलेली भजी. वहिनींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, किटली खाली काढली, घटाची आरती केली. मग पातेलं घासायला बसल्या. राख आणि काथ्या. बाहेरून चकचकीत, आतून तसंच काळं. आतला थर त्या घासत नाहीत, चव जाते म्हणतात.

8.00
हिशोब. दादा बोलतात, वहिनी लिहितात.

चहा 186. त्यातले 150 पंधराचे, 36 दहाचे: 2,610 रुपये. भजी 41 प्लेट: 1,640. खिचडी 17 प्लेट, पन्नासने: 850. एकूण 5,100. त्यातले 140 उधारीच्या वहीत. हातात आलेले 4,960. पैकी 3,610 फोनवर, 1,350 रोख.

खर्च. दूध 744. पावडर, साखर, आलं मिळून 330. डाळीचं पीठ, कांदा, तेल, मिरची 800. साबुदाणा, दाणे, तूप 380. मावशीचा रोज 350. गॅस 300. लाकडं 150. बेरीज 3,054.

राहिले 2,046. त्यात वहिनींचे चौदा तास आणि दादांचे बारा. फुटलेले दोन ग्लास अजून धरलेले नाहीत.

मुलगी साताऱ्यात नर्सिंगला आहे. वसतिगृहाचा हप्ता दिवाळीआधी भरायचाय. फुलांचे रविवार मोजकेच, पाऊस लवकर उघडला तर आणखी कमी. त्यांतूनच तो हप्ता निघतो. यंदा तो निघेल, थोडं कमी पडलं तर भिशीतून उचलतील. एरवीच्या वारी चार लिटर दुधावर पीठ-मीठ, वीजबिल आणि दादांची पाठीची औषधं भागतात. ते भागतं गावातल्या दहा रुपयांवर. म्हणून वहिनींना दहाचं गिऱ्हाईक पंधराच्याइतकंच मोठं वाटतं. दिवसभर बघून माझंही तेच मत झालं.

8.40
दूधवाल्याचा फोन. वहिनी कोपऱ्यात जाऊन हात वर करून बोलतात.

"उद्या चार. आन् पुढच्या रविवारी आठच आण. बारा नको."

कासला जाणार असाल तर दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवा. रेंजचा भरवसा नसतो आणि दूधवाल्याला रोख लागते. पाणी प्या, पण बाटल्या घरून भरून आणा. आणि फुलं बघून झाली म्हणून हा रस्ता सोडू नका. कार्तिकात, एखाद्या मंगळवारी या. पठार तेव्हा तांबडं आणि मोकळं असतं, गवती चहा कडक झालेला असतो, आणि दुकान तेव्हाही सहालाच उघडतं.